दीड ओमची कॉइल

गाडी सिग्नलला बंद पडली तेव्हा दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि तो घरातून निघाला होता नऊ सत्तावन्नला. हे त्याने मुद्दाम लक्षात ठेवलं होतं असं नाही, ते त्याच्या लक्षात राहत असे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात अठरा वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? दुकानात शिरलं की त्याची नजर आधी तराजूच्या काट्यावर जायची, मग दुकानदाराच्या तोंडावर. ऑफिसात त्याला ‘काटा’च म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. तर गाडी बंद पडली. खोकली नाही, धक्के दिले नाहीत, चालता चालता एखाद्याने बोलणं अर्धवट सोडून उठून जावं तशी गप्प झाली. मागून हॉर्न सुरू झाले. शेजारच्या मोटरसायकलवाल्याने काच ठोठावून विचारलं, “काका, म्युझियमला निघालात का?” त्याने खाली उतरून, एका हाताने स्टिअरिंग धरून, खांद्याने दाराची चौकट रेटत गाडी कडेला घेतली आणि त्याला आठवलं, हे सगळं आधी एकदा झालेलं होतं. तेव्हा चौकटीला खांदा वडिलांचा होता, तो मागून ढकलत होता, आणि मागच्या सीटवर आई मांडीवर फोटोंचा अल्बम घेऊन ताठ बसली होती. उतर म्हटलं तरी ती उतरली नव्हती.

त्याने वडिलांना फोन लावला. वडील घरीच असणार, डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून ते जिन्याच्या पलीकडे जात नसत. “किती वेळ चालली?” त्यांनी विचारलं. वीस मिनिटं, तो म्हणाला. मग वडील म्हणाले, “बॉनेट उघड. उजवीकडे नळकांड्यासारखी कॉइल आहे बघ, तिला हात लाव.” त्याने हात लावला आणि झटकन काढून बोट तोंडात घातलं. “भाजलं ना? मग तीच. अर्धा तास बस, गार झाली की सुरू होईल. घरी आण परत. आणि हे बघ, नवी आणावी लागेल. जुनी सोबत ने, ‘अशीच द्या’ म्हण. बाकी काही विचारत बसू नकोस.” अर्ध्या तासाने गाडी खरोखरच सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. सबंध रस्ताभर त्याला वडिलांचा रागच येत राहिला. शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि जायचं ते याच गाडीने, असा हट्ट होता, म्हणून तर आज तो ती चालवून बघायला निघाला होता. टॅक्सी म्हटलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपत. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण हट्ट सात वर्षांचा.

ही गाडी वडिलांनी घेतली तेव्हाच म्हातारी होती. वडील चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवत. मालकाने भंगारात काढलेली गाडी त्यांनी मागून घेतली आणि दोन वर्षं खपून रस्त्यावर आणली. त्यांची एक सवय त्यांनी प्रोजेक्टरच्या खोलीतून गाडीत आणली होती. तिथे प्रत्येक रिळाला, प्रत्येक बदललेल्या भागाला पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख आणि कारण लिहायची पद्धत होती, म्हणजे पुढच्या पाळीला येणाऱ्याला विचारावं लागत नाही. गाडीत पुढच्या पाळीला कोणीच येणार नव्हतं, तरी बॉनेटखाली जिकडेतिकडे पट्ट्या होत्या. ‘पाण्याचा पंप. गळत होता.’ ‘पट्टा. तुटला.’ ‘प्लग चारही. काळे पडले.’ आई म्हणायची, “अहो, मलाही एक पट्टी लावा. तारीख टाका आणि लिहा, कुरकुरते.” हे ती तेव्हा हसून म्हणायची. नंतरची कुरकुर वेगळी होती, आणि तिच्यात हसू नव्हतं.

नंतरची म्हणजे त्या दिवसानंतरची. मावशी, आईची पाठची बहीण, लग्न होऊन फार लांब गेली होती. अकरा वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. तिचं पत्र आलं की अमुक दिवशी अमुक गाडीने जाते आहे, तुमच्या स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं थांबते, सामान आणि मुलं टाकून मला उतरता येणार नाही, तू ये. आईने पंधरा दिवस आधीपासून अल्बम लावायला घेतला होता. स्टेशन घरापासून पाऊण तासावर. निघाले वेळेवर, आणि विसाव्या मिनिटाला गाडी उड्डाणपुलाच्या चढावर गप्प झाली. दुपारची वेळ, रिक्षा थांबायला तयार नाहीत, वडील कॉइलवर ओला रुमाल टाकताहेत आणि आई आतून एवढंच विचारतेय, “झालं का हो?” ती तीनदा विचारून गप्प बसली. पोचले तेव्हा फलाटावर एक हमाल आणि एक कुत्रं होतं. मावशीचं पत्र आठवड्याने आलं, त्यात एक ओळ होती: ‘मान दुखेपर्यंत खिडकीतून बघत होते.’ पुढच्या वर्षी ती गेली. आई त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाही. बाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत येताना मागून वडील गाडीने आले तरी बसली नाही. सतरा वर्षं, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, वडिलांनी कशाचीही खात्री दिली की ती म्हणायची, “तुमच्या खात्रीची गाडी स्टेशनाला पोचत नाही.” वडील यावर कधी काही बोलले नाहीत. तो मात्र बोलला होता. बावीस वर्षांचा होता तेव्हा, आणि त्या फलाटावरच, हमालासमोर बोलला होता. “तुम्हाला यंत्रं जपता येतात, माणसं नाही. तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ.” पुढे ही हकिगत त्याने लग्नघरात, ऑफिसच्या पार्टीत, बायकोच्या माहेरी, कुठे कुठे रंगवून सांगितली होती. ती तो छान सांगायचा. कुत्र्यापाशी आलं की लोक हमखास हसत. तेवढ्यात वडील पाणी आणायला म्हणून उठून जात.

बुधवारी त्याने रजा टाकली आणि सकाळी कॉइल काढायला बॉनेटखाली वाकला. एवढ्या वर्षांत तो इथे कधी धड वाकलाच नव्हता, आपण होऊन लखलाभ करून टाकलेल्या वस्तूत कोण डोकं घालणार? कॉइलच्या पट्ट्याचे स्क्रू सैल करून त्याने ती फिरवली तर मागच्या, पत्र्याकडच्या अंगाला पट्टी होती, पिवळी पडलेली. त्यावर वडिलांचं टोकदार अक्षर: त्या दिवसाच्या आदल्या दिवसाची तारीख आणि खाली ‘जुनी गेली. चिरंजीवांनी आणली.’ तो थोडा हसला. त्याला आठवलं, खरंच, त्यानेच आणली होती. वडिलांची दुपारची पाळी होती म्हणून त्याला पिटाळलं होतं. त्याने आणलेली कॉइल वडिलांनी संध्याकाळी बसवली, आणि गाडी कधी नव्हे ती पहिल्या फटक्यात सुरू झाली, आवाज असा खणखणीत की आई खिडकीत आली. “लेकाने आणलीय,” वडील खालून ओरडले होते, “गाडी दहा वर्षांनी तरुण झाली!” दहा मिनिटं अंगणात चालवून बघून त्यांनी समाधानाने बंद केली होती. हे सगळं त्याच्या सांगायच्या हकिगतीत कधी नव्हतं, कारण ती उड्डाणपुलापासून सुरू व्हायची. कॉइलच्या शेजारीच, पत्र्याला दोन स्क्रूंनी बसवलेली बोटभर लांबीची पांढरी चिनीमातीची कांडी होती आणि तिच्यातून तार कॉइलकडे आली होती. तिलाही पट्टी होती. तारीख होती, त्या दिवसानंतर नऊ दिवसांनीची, आणि कारण नव्हतं. त्याने इतर पट्ट्या पाहिल्या, चाळीसेक तरी असतील. सगळ्यांवर कारण होतं. त्याने त्या कांडीचा फोटो काढला, का ते त्याला सांगता आलं नसतं, आणि कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून निघाला.

दुकान तेच होतं, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं. काउंटरमागे तेव्हा जाड चष्म्याचा म्हातारा बसायचा. आता त्याची मुलगी होती, साठीची, तोच चष्मा लावल्यासारखी दिसणारी. त्याने पुडी सोडून कॉइल पुढे ठेवली आणि वडिलांनी पढवलं होतं तसं म्हणाला, “अशीच द्या.” बाईंनी कॉइल उचलली, फुंकर मारली, गाडी कुठली ते विचारलं. त्याने सांगितलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “अशीच कशी देऊ? तुमच्या गाडीला ही लागतच नाही.” एकवीस वर्षं तीच चालली आहे, तो म्हणाला, आणि ‘काटा’ बोलतो त्या आवाजात म्हणाला. बाईंना त्या आवाजाचं काही वाटलं नाही. “चालली असेल. हे वाचा.” कॉइलच्या बुडाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, छापलं होतं: फक्त बाहेरील रेझिस्टरसह वापरा. “म्हणजे असं,” बाई म्हणाल्या, “कॉइलचं काम काय, बॅटरीचे बारा व्होल्ट घ्यायचे आणि ठिणगीपुरते हजारो करून द्यायचे. तुमच्या गाडीची जी मूळची असते ना, ती तीन ओमची, ती पुरे बारा पचवते. ही आहे दीड ओमची. ही अर्ध्या जेवणाची. हिच्याआधी रेझिस्टर लावून हिचं ताट अर्धं करावं लागतं. पूर्ण वाढलंत तर सुरुवातीला गडी जोरात पळतो आणि मग अजीर्ण होऊन आडवा पडतो. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. गार झाला की पुन्हा उठतो.” त्याने फोनवरचा फोटो दाखवला. “हां, लावलाय की,” बाई म्हणाल्या. “मग बरोबर. म्हणून एकवीस वर्षं टिकली. पण कंपनीने हा दिलेला नाही. कोणीतरी जाणत्याने मागाहून लावलाय. नवी आणण्यापेक्षा आहे तिचं निभावून नेलंय. आता ही वयाने गेली, त्यात कोणाची चूक नाही.”

ती बोलत होती आणि त्याला तिच्या जागी तिचा बाप दिसत होता. काउंटर तेच, मधोमध तोच खड्डा, त्याच्या उजव्या हाताला तेलकट कपड्यांतले दोन मेकॅनिक टेकून उभे. म्हाताऱ्याने विचारलं होतं, “गाडीला रेझिस्टर आहे का?” त्याला रेझिस्टर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पदवीचा निकाल नुकताच लागला होता, खिशात कंगवा होता, आणि त्या दोघांपैकी एकजण त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघत होता. ‘वडिलांना विचारून येतो’ एवढं म्हणायला काय लागत होतं? चित्रपटगृह दोन चौक पलीकडे होतं. तो म्हणाला होता, “आहे ना. असतोच की सगळ्यांना.” मेकॅनिक हसला नाही, म्हाताऱ्याने मान डोलावून खोकं काढून दिलं, आणि तो वेळ मारून नेल्याच्या आनंदात शीळ घालत घरी आला होता. दीडशहाण्याने दीड ओमची आणली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला हसू मात्र आलं नाही. पुढचा हिशेब सोपा होता, तपासनिसाला तर फारच सोपा. एका तारखेला कॉइल बसली. दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला गाडी थांबली. नऊ दिवसांनी, कधीतरी सावकाश सगळं उघडून बघताना, वडिलांनी ती मुंगीची अक्षरं वाचली. मग ते रेझिस्टर घेऊन आले, तो बसवला, पट्टीवर तारीख लिहिली आणि कारणापाशी पेन उचललं. तोवर आईचा त्यांना बोल लावून झाला होता आणि मुलाचाही. ते दोन्ही त्यांनी तसेच राहू दिले.

त्याला लाज वाटली, कानांपर्यंत वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ, त्याचं त्यालाच आश्चर्य वाटेल असा, संताप आला. यांना गप्प बसायला कोणी सांगितलं होतं? एकवीस वर्षं आपल्याला ती हकिगत सांगू दिली. आपण कुत्र्यावर लोकांना हसवत होतो आणि हा माणूस पाणी आणायला उठत होता! दर खेपेला त्यांना एक वाक्य बोलता आलं असतं. आईला शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात न्यायचं तेव्हाही ती म्हणाली होती, “यांची गाडी नको, मला पोचायचंय.” तेव्हा तो जिन्यात उभा होता आणि वडिलांकडे पाहून, होय, पाहून, त्याने आईच्या बोलण्याला मान डोलावली होती. त्या मानेचं आता काय करायचं? आई गेली, मावशी गेली, चूक परत करायला पत्ताच उरला नव्हता. एकच पत्ता होता आणि त्या पत्त्यावरचा माणूस म्हणत होता, बाकी काही विचारत बसू नकोस.

बाईंनी काउंटरवर दोन खोकी ठेवली. “बघा, दोन वाटा आहेत. तो रेझिस्टर ठेवायचा असेल तर ही, दीडची. जुनी काढली तशी बसवा, कोणाला काही कळायचंही नाही. नाहीतर ही तीनची, मूळची. पण मग रेझिस्टर काढून टाकावा लागेल, तार थेट जोडावी लागेल. तो ठेवून ही बसवलीत तर उपाशी राहील, ठिणगी धड येणार नाही. दोन्ही चांगल्या. कुठली देऊ?” दोन्ही खोकी एकाच आकाराची, एकाच निळ्या रंगाची. त्याने दीडचं उचललं. वडील बोटांनी चाचपतील, रेझिस्टर जागेवर असेल, तार जागेवर असेल, ते ‘बरं झालं’ म्हणतील आणि विषय संपेल. म्हाताऱ्या माणसाने एवढी वर्षं झाकून ठेवलेलं आपण का उघडावं, त्यांना हवं तसं होऊ द्यावं, यालाच समजूतदारपणा म्हणतात, असंही त्याच्या मनात आलं. पण काट्याची एक खोड असते, तो मधे कुठेतरी थांबून शहाणपण करत नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या तराजूखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा तो नखाने खरवडून काढत होता, आणि दुकानदार रोज त्याला हेच सांगत होते, साहेब, राहू द्या की, सगळं सुरळीत चाललंय. “तीनची द्या,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, “नीट जमेल ना तार जोडायला?” आणि तो आयुष्यात पहिल्यांदा त्या काउंटरवर म्हणाला, “नाही. मला येत नाही. दाखवा.” तिने कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं, दोनदा.

गुरुवारी संध्याकाळी त्याने ते काम केलं. अर्ध्या तासाचं होतं, त्याला दोन तास लागले. रेझिस्टर काढला तेव्हा पत्र्यावर दोन भोकं आणि मधे न कळकटलेली एक स्वच्छ जागा उरली. वडील वरून हाका मारत होते, “बसली का? तशीच मिळाली का?” त्याने “बसली” एवढंच सांगितलं. मग त्याने त्यांच्या खणातून चिकटपट्टी आणि काळं पेन आणलं, तुकडा फाडला, तारीख लिहिली. कारण लिहायला त्याला तारेपेक्षा जास्त वेळ लागला. इंजिन सुरू केलं तर पहिल्या फटक्यात काही लागलं नाही, तिसऱ्या वेळी लागलं, आणि आवाज साधाच होता.

शुक्रवारी सकाळी वडिलांना धरून खाली आणलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते, डॉक्टर डोळ्यात बघणार, केसांत नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? गाडीत बसण्याआधी ते म्हणाले, “बॉनेट उघड.” ते वाकले. बोटं वाटेतल्या प्रत्येक वस्तूला ओळख दाखवत गेली, बॅटरी, तारांचा जुडगा, कॉइल, आणि तिच्याशेजारी पत्र्यावर येऊन थांबली. एक बोट एका भोकावर, दुसरं दुसऱ्यावर.

“काढलास,” वडील म्हणाले.

“काढला. तीनची बसवलीय.”

“मी तशीच आण म्हटलं होतं.”

“हो.”

“पट्टी लावलीस?”

“लावलीय.”

“काय लिहिलंस? मला दिसत नाही. वाच.”

तो वाकला. अक्षरं त्याचीच होती, तरी त्याने ती बोट ठेवून वाचली. “‘आधीची चुकीची होती. मी न विचारता आणली होती.’”

वडील हात सदऱ्याला पुसणार तेवढ्यात त्याने फडकं पुढे केलं. त्यांनी एकेक बोट पुसलं. “दोन ओळी कशाला लिहिल्यास?” ते म्हणाले. “पट्टी वाया जाते.” आणि दार चाचपत ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

रस्त्याला गर्दी होती. पहिली पाच मिनिटं त्याने घड्याळाकडे पाहिलं, दहाव्या मिनिटाला पाहिलं, मग एक बस आडवी आली. वडील समोरच्या काचेकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या दृष्टीने ती दुधी काच असणार. ज्या सिग्नलला गाडी बंद पडली होती तिथेच लाल लागला आणि तो थांबला. इंजिन साध्या आवाजात चालू होतं. त्याने समोर बघतच विचारलं, “आईला का नाही सांगितलंत?”

वडिलांनी सदऱ्याची बाही सरळ केली. “तिला माझ्यावर रागवायची सवय होती,” ते म्हणाले. “त्यात तिचं जेवणखाण चालायचं, झोप लागायची. तुझ्यावर रागवून तिचा एक दिवस निघाला नसता.”

“आणि मला? मला सांगायचं होतं.”

“सांगणार होतो रे. आधी तू रागात होतास. मग तू ती गोष्ट इतकी चांगली सांगायला लागलास.” वडील जरासे हसले. “कुत्रं नव्हतं तिथे. तू मागाहून घातलंस.”

मागून हॉर्न वाजला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन गेला होता. त्याने गाडी पुढे काढली. खरंच कुत्रं नव्हतं का? त्याला फलाट आठवत होता, हमाल आठवत होता, आईच्या हातातला अल्बम आणि वडिलांच्या बाहीवरचा तेलाचा डाग आठवत होता, आणि कुत्र्याच्या जागी काहीच नव्हतं. डोळे चुरचुरत होते म्हणून त्याने काच खाली केली. “डावीकडे वळ,” वडील म्हणाले, “इथे दवाखान्याचा वास येतो.” तो वळला, फाटकातून आत शिरला, गाडी लावली आणि किल्ली फिरवून इंजिन आपल्या हाताने बंद केलं. मग त्याने घड्याळ पाहिलं. निघून बत्तीस मिनिटं झाली होती. विसावं मिनिट कुठे गेलं ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.